हिरव्या दोऱ्याची डबी

डबीचं झाकण निघालं आणि आतला दोरा हिरवा निघाला.

पांढरा निघायला पाहिजे होता. मी झाकण लावलं, पुन्हा काढलं. हिरवाच. देवघरात समई होती, खिडकीतून सकाळचं ऊन थेट पाटावर पडलं होतं, आणि मोतीबिंदू काढल्यापासून या घरात सुईत दोरा मीच ओवते, सून ओवत नाही. तेव्हा डोळ्यांना बोल लावायची सोय नव्हती. बोराएवढं काळं लिंग, त्याला दोऱ्याचे सात वेढे आणि शेवटी एक वेडीवाकडी गाठ. शाळेत दुसरीपर्यंत गेले, अक्षर मला फारसं वाचता येत नाही. पण गाठ कुणी मारली ते वाचता येतं. ही गाठ माझी नव्हती. डावऱ्या हाताची होती. या घरात डावरी एकच होती, भुवनेश्वरी, माझी लेक, आणि तिला जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

परसातून युवराज मंडपवाल्यानं हाक दिली, "टेपचं टोक धरायला कुणीतरी या की." घरात माझी सून श्रीदेवी होती, नात ऋतुजा होती. तरी मी डबी कमरेला खोचली आणि मीच गेले. का गेले ते सांगता यायचं नाही. हात रिकामे ठेवायची भीती वाटली म्हणा.

आमच्यात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. ते ज्याचं त्याचं. आईचं लेकीला चालत नाही, नवऱ्याचं बायकोला चालत नाही. मोठी माणसं गळ्यात घालतात, लग्न होईपर्यंत पोरांचं डबीत घालून देवघरात ठेवतात. आणि माणूस गेलं की ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायचं, मूठ मिटायची, आणि त्याच्याबरोबर मातीत. आम्ही जाळत नाही. तर भुवनाचं लिंग सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्या मुठीत गेलं. डबीत राहिलं ते ऋतुजाचं, तेव्हा चार महिन्यांची होती ती. अकरा दिवसांनी तिचं लग्न, आणि शिवकुमार स्वामी आज चार वाजता परस बघायला यायचे होते. काल फोनवर म्हणाले, आज्जी, मुलीचं लिंग काढून ठेवा, पूजा करून नवा दोरा घालू. म्हणून मी डबी उघडली. नाहीतर ती कुणी उघडत नाही. मीही नाही.

"आज्जी, भिंतीला लावून धरा," युवराज म्हणाला. मी भिंतीला लावून धरलं. तो टेप ओढत शेवग्यापर्यंत गेला, तिथून बोअरच्या पाइपापर्यंत, आणि आकडे स्वतःशीच पुटपुटत राहिला. जुळे सोलापुरात अशी मागची जागा आता कुणाकडं राहिली नाही. सगळ्यांनी खोल्या काढल्या आणि भाडेकरू भरले. मी काढू दिल्या नाहीत. पण जागा आहे म्हणून तिथं लग्न करायचं, हे माझ्या डोक्यातलं नव्हे. ऋतुजाचं खूळ ते. पुण्यात नोकरी करते, नवरा मुलगा, बसू त्याचं नाव, तोही तिथंच असतो, मूळ अक्कलकोटचा. म्हणाली, "आज्जी, कार्यालय नको. परसात करू. ऐंशी माणसं, जी आपली आहेत तेवढीच." मी म्हटलं, "आपली माणसं ऐंशी कुठली गं. आपली मोजायला बसलं तर पाच होतील, आणि त्यातली दोन भांडलेली असतील." म्हणाली, "तुझं लग्न कुठं झालं?" म्हटलं, दारात झालं, पण तेव्हा कार्यालयं नव्हती. आता कार्यालयं असून घरात केलं तर लोक म्हणतील काशम्माच्या घराला उतरती कळा लागली. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी आचारी बघायला मीच गेले. करायचंच तर मग माझ्या हातानं होऊ दे. तिनं मोबाइलमध्ये चित्रं काढून ठेवली होती, त्यात चुलीची जागाच नव्हती.

भिंतीपलीकडून सोजरबाईनं डोकं वर काढलं. जेऊरकडची बाई, पोराच्या नोकरीमुळं इथं येऊन राहिली, पण जीभ अजून शेतातच आहे. "काशम्माबाय, तुमी टेप धरून हुब्या? सून कुटं गेली?"

"सून हाय की. तिला धरायला दिलं तर मधीच सोडून देती."

"माज्या भितीवरनं लाइटच्या माळा सोडा, माजी ना न्हाय. पर पेरूला तार बांदली तर मी जेवायला येनार न्हाय बगा."

"नका येऊ. आचारी म्हनतच होता, माणसं जरा कमी करा."

ती हसली आणि खाली गेली. मी हसले की नाही मला कळलं नाही. माझ्या तोंडाला बोलायची सवय आहे, ते माझ्याशिवाय बोलतं. कमरेला डबीची कड टोचत होती आणि मी मोजत होते: वेढे सात. पांढऱ्याचे किती घातले होते मी? पाच? पाचच. मी नेहमी पाच घालते. मग हे सात कुणी घातले? युवराज म्हणाला, "आज्जी, मधला खांब इथं येतोय, तुम्ही उभ्या आहात तिथंच. चालेल का?" मी खाली बघितलं. तिथं पूर्वी धुण्याचा दगड होता. भुवनाला शेवटची अंघोळ त्या दगडावर घातली. दगड मी दुसऱ्या महिन्यात काढून टाकायला लावला, वर शहाबादी फरशी बसवली. परसात लग्न नको म्हणताना मी कार्यालयाचं कारण सांगितलं, लोकांचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. दगडाचं कुणाला सांगितलं नाही. आणि आता फरशीवर उभं राहून बघते तर मला नक्की जागाच आठवेना. दगड इथं होता की दोन हात पुढं, टाकीकडं? "घाल की इथं," मी म्हटलं. "नाहीतर पुढं घाल." "आज्जी, एक काहीतरी सांगा." "तूच सांग, मंडप तुझा आहे."

कावीळ झाली होती तिला. नवव्या दिवशी गेली. एकोणीस वर्षांची होती, चावडीवरच्या पोरासारखी चालायची, डाव्या हातानं वाढायची म्हणून माझ्या शिव्या खायची. सकाळी गेली आणि दुपारपर्यंत हे परस बायकांनी भरलं. आत्ताच्या स्वामींचे वडील आले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, लिंग आणा. माझी जाऊ ईरम्मा उठली. मी म्हटलं, बस. देवघरात माझ्याशिवाय कुणी जायचं नाही. मी आत गेले. दोन डब्या शेजारी शेजारी होत्या, एकसारख्या. आमच्या मालकांची खोड. नवी पेठेतल्या एकाच सोनाराकडून लेकीची केली तशीच नातीची करून आणली, तसंच झाकण, तेवढीच चांदी. मी ठरवून ठेवलं होतं, डावीकडची भुवनाची. पण माझ्या डावीकडची की देवाच्या? देवाकडं तोंड करून बसलं तर एक डावी होते आणि देवाच्या जागी राहून बघितलं तर दुसरी. मी कुठल्या बाजूनं धरलं होतं? रोज भस्म लावताना हात आपोआप जायचा, त्या दिवशी हात आपोआप गेला नाही, त्याला विचारावं लागलं. एक झाकण काढलं असतं तर कळलं असतं. काढलं नाही. आत तिच्या हातची गाठ असणार हे मला माहीत होतं. दहावीला असताना शाळेच्या रिबिनीचा दोरा सोडवून तिनं तो हट्टानं लिंगाला गुंडाळला होता, मला हिरवा आवडतो म्हणून. ती गाठ दिसली असती तर मला कोरड्या डोळ्यांनी बाहेर येता आलं नसतं. आणि बाहेर पन्नास बायका माझं तोंड बघायला बसल्या होत्या. मी डबी उचलली, बाहेर आले, स्वामींच्या हातात दिली. डोळ्यांत टिपूस नव्हतं. बायका अजून सांगतात, काशम्मा दगडाची आहे. ते ऐकून मला आत्ताआत्तापर्यंत बरं वाटायचं.

डबी पुढं रुद्रभूमीत, आमच्या मसणवट्यात, उघडली. तिथं आम्ही बायका जात नाही. तिथं पुरुष होते, स्वामी होते, आणि आमचे मालक होते, चनबसप्पा. आता पांढरा दोरा बाहेर निघाला असेल तर त्यांना दिसला असणार. लेकीचा हिरवा त्यांना माहीत होता; तिच्या हट्टाला त्यांचीच फूस होती. मग ते बोलले का नाहीत? की खड्ड्याच्या कडेला उभ्या माणसाला दोऱ्याचा रंग दिसत नाही? पुढं मरेपर्यंत रोज दुकानातून आले की देवघराच्या उंबऱ्याशी थोडा वेळ बसायचे, आत न जाता. मला वाटायचं, दमलेत. आता कशाकशाचा अर्थ लावत बसू. त्यांना विचारावं तर त्यांचं लिंगही त्यांच्याबरोबर गेलं, आणि ते मी त्यांच्या गळ्यातून काढून, बघून दिलं होतं, हे मात्र स्पष्ट आठवतं. लेकीनंतर मला बाकीचं सगळं सोपं वाटलं होतं.

आणि नंतर मी नियम केला. ऋतुजाची डबी तिच्या लग्नापर्यंत कुणी उघडायची नाही. कुठल्या पोथीत नाही तो, माझा आहे. एक गेली होती, दुसरीच्या वस्तूला कुणाचा हात लागू द्यायचा नव्हता. रोज अंघोळ करून त्या झाकणावर बोट ठेवायचे, भस्माची रेघ ओढायचे आणि म्हणायचे, हिला आयुष्य दे. हिला म्हणजे ऋतुजाला. गोवर आला तेव्हा म्हटलं, बारावीला म्हटलं, पुण्याला गेली तेव्हा दोनदा म्हटलं. बोटाखाली भुवनाचं होतं. मेलेल्या लेकीला मी सत्तावीस वर्षं आयुष्य मागत बसले, आणि जी जिवंत आहे तिचं मातीत होतं, तरी तिला काही झालं नाही, गुटगुटीत आहे. मग मी मागितलेलं कुठं गेलं? हे असं डोक्यात यायला लागलं की मला धरायला काहीतरी लागतं. मी टेप धरला होता तो युवराजनं केव्हाच गुंडाळून नेला होता, आणि मी बोटं तशीच भिंतीला लावून उभी होते.

"आज्जी, काय करतेस?" ऋतुजा मागं उभी होती. हातात कागद, केस ओले. "हळदीच्या सुरगीला बसायचं ते कुठं गं? चार तांबे, भोवती सूत, मामी म्हणते पूर्वेला. फोटोवाला म्हणतो शेवग्याखाली उजेड चांगला येतो."

"फोटोवाल्याला हळद लावायची आहे का तुला?"

"सांग ना नीट."

"मला काय विचारतेस, मोबाइलला विचार."

ती माझ्या कमरेकडं बघायला लागली. "ते काय खोचलंयस? माझी डबी? काढली होय आज? बघू." आणि हात पुढं केला. तिला त्या डबीचं लहानपणापासून कौतुक. आत काय आहे, काय आहे, करून मागं लागायची, आणि मी हातावर चापट मारायची. आता सत्तावीसची झाली तरी हात तसाच पुढं आला, डबी तिची असल्यासारखा. मी पदर ओढून घेतला. "स्वामी आल्याशिवाय नाही."

"अगं माझंच आहे की ते."

"तुझंच आहे," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परक्या बाईचा वाटला. ती खांदे उडवून गेली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी मी श्रीदेवीला विचारलं. ती ताटं पुसत होती. सरळ विचारलं नाही, आधी पाहुण्यांच्या साड्यांचं काढलं, मग स्वामींना कोणतं उपरणं द्यायचं ते, आणि मग म्हटलं, "ऋतुजाच्या लिंगाला दोरा कसला होता गं?"

"पांढरा की, अत्ती. तुम्हीच वळला होता, पायावर." सासूला ती अत्ती म्हणते.

"नक्की?"

"त्याला विसरायला काय झालं. एवढी एकच वस्तू तिची मी डोळे भरून बघितली, पाचव्या दिवशी, बांधताना. का हो?"

"सहज."

ती पुसत राहिली. मी मनात म्हटलं, हिला काय आठवतंय, हिला गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. मग म्हटलं, पण हिला हेच आठवणार. असं दोन्ही म्हणत मी पलंगावर पडले आणि पंख्याकडं बघत राहिले. डबी पोटावर ठेवली होती. श्वासाबरोबर वर यायची, खाली जायची. एक गोष्ट मात्र मी कबूल करते. सकाळपासून भीती होती, लाज होती, लग्नात काय होईल ही धास्ती होती, पण त्या सगळ्याच्या खाली आणखी एक होतं आणि त्याला काय म्हणायचं मला कळत नव्हतं. भुवनाच्या हातची गाठ माझ्या घरात होती. इतकी वर्षं होती. मला वाटत होतं, तिचं काही राहिलं नाही, फ्रॉक वाटले, वह्या रद्दीत दिल्या. आणि ही इथंच होती, भिंतीपलीकडच्या खोलीत. मला आनंद झाला होता का? चूक सापडल्यावर कुणाला आनंद होतो?

स्वामी चार वाजता स्कूटरवरून आले. परस बघितलं, दिशा बघितल्या, शेवग्याची एक फांदी काढा म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि श्रीदेवी आत गेली तसं म्हटलं, "स्वामी, बार्शीकडं आमच्या एका पाहुण्यांच्यात असं झालं." आणि सांगितलं. लेकीचं राहिलं, दुसरीचं गेलं, इतकी वर्षं कळलं नाही.

"बार्शीत तुमचे पाहुणे कधी झाले, आज्जी?"

"झाले."

त्यांनी बशी खाली ठेवली. कप नुसताच फिरवत राहिले. "शास्त्रात याला काय आहे मला माहीत नाही. माझे वडील असते तर त्यांना विचारलं असतं. मी माझ्या बुद्धीनं सांगतो. जिवंत मुलीला नवं बांधू, त्यात अडत काही नाही. मातीत गेलं ते उकरायचं नाही. आणि घरात राहिलंय ते घरात ठेवू नये. ते ज्याचं, त्याच्या रक्ताचं कुणी जाईल तेव्हा त्याच्या हातातून जाऊ दे." मग कप ठेवून म्हणाले, "आजची पूजा राहू दे, लग्नादिवशी मी एक नवं घेऊन येतो. लागलं तर लागलं. आणि त्या बार्शीच्या बाईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका."

"ती लावून घेणारी नाही," मी म्हटलं.

स्कूटर वळेपर्यंत मला हलकं वाटत होतं. म्हणजे कुणाला काही सांगायची गरज नाही. स्वामी नवं आणतील, जुन्याला तडा गेला म्हणेन, आणि भुवनाचं मी घेऊन जाईन, माझं माझ्या मुठीत, तिचंही माझ्या मुठीत. मीच पोचवीन. फाटक लावून मी परत येत होते, आणि फरशीवर, त्या दगडाच्या की दगडाजवळच्या जागेवर, थांबले. माझ्या मुठीत ठेवणार कोण? मेलेल्या माणसाला मूठ उघडता येत नाही. माझा लेक अनिलकुमार घरात स्वतःचा टॉवेल शोधू शकत नाही. ऋतुजा पुण्यात. स्वामी म्हणतील, लिंग आणा, आणि उठेल ती श्रीदेवी. माझं गळ्यातलं तिला दिसेल. पण देवघरात, जिथं मी तिला तीस वर्षांत हात लावू दिला नाही, तिथं ती उभी राहील आणि तिला डावं-उजवं काही माहीत नसेल. कदाचित बाहेर बायका बसल्या असतील. कदाचित तीही न उघडताच बाहेर येईल.

ती स्वयंपाकघरात शेंगा चटणी कुटत होती, रुखवतात ठेवायला. मी म्हटलं, "श्रीदेवी, थांबव ते." तिनं थांबवलं. मी डबी ओट्यावर ठेवली, झाकण काढलं आणि सांगितलं. फार बोलावं लागलं नाही. इतकी मोठी गोष्ट चार वाक्यांत संपते हे मला माहीत नव्हतं.

ती हिरव्या दोऱ्याकडं बघत राहिली. हात लावला नाही. "म्हणजे माझ्या पोरीचं तिथं आहे."

"व्हय."

"मी पोर मांडीवर घेऊन विचारलं होतं तुम्हाला. वन्सं गेल्यावर, दहाव्या की अकराव्या दिवशी. म्हटलं, अत्ती, एकदा डबी उघडून बघू द्या, दोरा सैल झाला असेल. आठवतंय?"

"नाही."

"मला आठवतंय. तुम्ही काय म्हणालात तेही."

मी काय म्हणाले असेन ते मला कळत होतं, शब्द तेवढे आठवत नव्हते. तिनं ते सांगितले नाहीत. खलबत्ता पुन्हा घेतला आणि कुटायला लागली, बराच वेळ, चटणीचं पीठ होईपर्यंत. मी तिथंच उभी राहिले. या घरात मी कुणाच्या पुढं अशी उभी राहिलेली नाही. मग तिनं बत्ता ठेवला, नळाखाली हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि कोरडे केले.

"ऋतुजाला मी सांगेन," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

"बरं."

"आज रात्रीच सांगेन. लग्नात खोटं सांगून नवं बांधायचं नाही."

"बरं."

मग ती कानडीत बोलली. तिच्या माहेरी कानडी, पण माझ्याशी ती कधी त्या भाषेत बोलत नाही, मला शिव्या देते असं वाटेल म्हणून. "कै तोरसरी," म्हणाली. हात दाखवा.

मी सवयीनं उजवा पुढं केला. तिनं मान हलवली आणि माझा डावा हात धरून ओढून घेतला. तळवा उघडला. भुवनाचं लिंग डबीतून काढून त्यावर ठेवलं. माझ्या गळ्यातलं सोडवलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. मग माझी बोटं एकेक करून मिटवली, करंगळीपासून, आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मावतात," ती म्हणाली.

तिनं मूठ सोडली नाही. लागेल त्यापेक्षा पुष्कळ जोर होता तिच्या हातांत. माझी बोटं दुखत होती. मी हात तिथंच राहू दिला.